उभ्या गाडीची थरथर

जिजाबाई मोटारीत बसल्या, त्यांच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या आपोआप किणकिणू लागल्या आणि त्या मोटारीतून उतरल्या. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मोटार जागची पुढे सरकलीही नव्हती. हलत मात्र ती भरपूर होती.

"काहून उतरली?" स्टिअरिंगच्या चाकामागे बसलेल्या बापूरावांनी विचारलं.

"हे उभ्या उभ्याच थरथरून राह्यली."

"चालाले लागली का थांबते. चालतानी कशी लोण्यावानी जाते."

"चालतानी जाईन हो. इंझोरीत मांडवापुढं उभी राह्यन तवा काय? बायका म्हनतीन, नवरीची आत्या मोटारीत बसून आली अन् हिवताप घेऊन आली." जिजाबाईंनी पदर खोचला. "सांगून ठेवते. गाडी गुमान उभी राह्यली तरच मी बसन. नाही त बैलगाडी जुंपा."

बैलगाडीचं नाव निघताच बापूरावांचा चेहरा उतरला. त्याला कारण होतं. मेडशीला त्यांचा चांगला बागायती मळा होता, वांगी-मेथी-कोबी बाजारात नाव राखून होती, पण सासुरवाडी इंझोरीची. मधे मालेगाव, मंगरूळ आणि बैलांची मर्जी. दीड दिवसाचा हा प्रवास बापूरावांनी वीस वर्षं केला आणि वीस वर्षांत एकदाही ते वेळेवर पोचले नाहीत. दोन लग्नं, एक बारसं आणि एक तेरवी त्यांनी पंगती उठल्यावर गाठली. जिजाबाईंचे थोरले भाऊ रामराव दर वेळी ओसरीवरून हाळी द्यायचे, "दाजी दिसले का रे वेशीवर? मंग उचला पत्रावळ्या." हे ऐकून हसत हसत इंझोरीतली पोरं बाप्ये झाली होती.

म्हणून सत्तावन्न साली पावसाळा सरता सरता बापूरावांनी अकोल्याच्या एका ठेकेदाराची जुनी काळी मोटार घेतली. भाजी बाजारात न्यायला घेतली, असं ते लोकांना सांगत. वांग्यांना मोटारीची काही हौस नव्हती. मोटार रामरावांना दाखवायची होती, आणि तीही जिजाबाईंना मागच्या गादीवर बसवून, वेळेच्या आधी. रामरावांच्या मुलीचं लग्न आता दहा दिवसांवर आलं होतं. आणि जिजाबाई तर उतरून घरात गेल्या होत्या.

मोटार धावताना खरोखरच बरी धावायची. पण उभी राहिली की तिला कापरं भरायचं. आधी चाकावरचा हात हलायचा, मग दारं खडखडायची, मग दोन आचके देऊन इंजिन बंद पडायचं, आणि बापूरावांना खाली उतरून हँडल मारावं लागायचं. घेतली तेव्हा ती अशी नव्हती, असं त्यांना पुसट आठवे. पण घेतली तेव्हा ते इतके हरखले होते की मोटारीला एक चाक कमी असतं तरी त्यांच्या ध्यानात आलं नसतं. शेवटी त्यांनी ठेकेदाराला कार्ड टाकलं, की आपण आमच्या गळ्यात दुखणाईत गाडी मारली.

उलट टपाली उत्तर आलं. 'माझेकडे असता मोटार उभी करून, इंजिन चालू ठेवून, पुढील झाकणावर चहाचा भरला कप ठेवीत असू. थेंब सांडत नसे. आपण तिला काय केले ते आपणच आठवून पाहावे.'

"म्या काय केलं?" बापूरावांनी कार्ड जिजाबाईंपुढे नाचवलं. "पोटच्या पोरीसारखी जपली म्या गाडी."

दुसऱ्या दिवशी मालेगावहून हिरालाल मिस्त्री आला. एका जिनिंगच्या ऑइल इंजिनावर त्याची हयात गेली होती. इंजिन म्हणजे तेवढंच एक, असा त्याचा समज होता आणि मोटारीसमोर बसूनही तो त्याने बदलला नाही. मोटार सुरू करायला लावून, डोळे मिटून तो पाच मिनिटं ऐकत राहिला.

"काही झालं नाही हिले," तो म्हणाला. "इंजन म्हटलं का धडधडनारच. आमचं इंजन धडधडलं नाही त मालक घाबरते."

"पन जिजाबाई बसत नाही ना यात."

"आमच्या इंजनावर बी नसत्या बसल्या."

पण एवढ्या लांब आल्यावर हात काळे न करता परत जाणं हिरालालला बरं वाटेना. त्याने झाकण उघडलं आणि बापूरावांना समजावून सांगितलं, "या चार चुली समजा. चारीत जाळ होते म्हनून गाडी चालते. एक विझली असन त तिघींवर भार येते अन् गाडी लंगडते. कोनती विझली थे पाहाले एकेकीची वायर काढाची. जी काढून काहीच फरक पडत नाही, थे मेली."

विचार बिनचूक होता. फक्त ऑइल इंजिनाला वायरी नसतात आणि मोटारीच्या वायरीत वीज असते, हे पहिल्या वायरीला हात लावेपर्यंत हिरालालच्या लक्षात राहिलं नाही. झटक्यासरशी तो सरळ मागच्या मागे वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसला. उठल्यावर त्याने जिजाबाईंकडे लाकडी उलथणं मागितलं आणि उरलेली तपासणी हात लांब ठेवून केली. कोणतीही वायर काढली तरी इंजिन जास्तच लंगडायचं. म्हणजे एकही चूल विझलेली नव्हती.

"चारी पेटल्या हायेत," हिरालाल म्हणाला.

"मंग?"

"मंग सैपाक काहून करपते, थे उद्या पाहू."

उद्या त्याने कार्बोरेटर सोडवला. पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होतात तो हा भाग बारीक भोकांचा असतो आणि भोकांत कचरा बसतो, हेही बिनचूक होतं. धुवायला मोठं भांडं हवं म्हणून बापूरावांनी जिजाबाईंची भाकरीची परात आणून दिली. हिरालालने एकेक भोक फुंकून साफ केलं, एकेक स्क्रू मोजून परत बसवला आणि मोटार सुरू केली. ती पूर्वीसारखीच थरथरली. परात राखेने तीनदा घासली, तरी संध्याकाळच्या भाकरीला पेट्रोलचा वास आला. बापूराव मान खाली घालून जेवले. जेवण झाल्यावर सवयीने त्यांनी बिडी काढली, तेव्हा जिजाबाई एवढंच म्हणाल्या, "आता पेटवू नका. पोटात काय गेलं हाये ठाव हाये ना?"

तिसऱ्या दिवशी हिरालालने रोग सोडून लक्षणावर इलाज केला. गाडी सावकाश फिरताना थरथरते ना, मग तिला सावकाश फिरूच द्यायचं नाही. एक स्क्रू त्याने चांगला चार फेरे आवळला. मोटार उभ्या जागी मोठ्याने गरजू लागली, पण थरथर खरोखरच नाहीशी झाली. बापूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जिजाबाईंना हाक मारली, चाकामागे बसले आणि त्यांना दाखवावं म्हणून हलकेच गिअर टाकला.

एवढ्या जोरात फिरणाऱ्या इंजिनाला हलकेच काही करता येत नाही. मोटार उडी मारून निघाली. मेथीचे तीन वाफे आणि कोबीचा एक ओलांडून ती शेणखताच्या ढिगात पुढच्या दिव्यांपर्यंत शिरली आणि तिथे बंद पडली. बापूराव दार उघडून उतरले, अंगरखा झटकला आणि घरापर्यंत चालत आले.

"लग्नाले न्याची मेथी होती थे," जिजाबाई म्हणाल्या.

लग्नाला चार दिवस राहिले. त्या दुपारी जिजाबाई नवऱ्याला न विचारता तांड्यावर गेल्या आणि लखीरामला घेऊन आल्या. लखीराम हा बैलांचा वैद्य. दहा गावांची जनावरं त्याच्या हाताखालून गेलेली. त्याने आधी आपली बैलजोडी लावून मोटार ढिगातून ओढून काढली, तिचं तोंड धुतलं आणि मग तिच्याभोवती एक फेरी मारली.

"खाते काय?" त्याने विचारलं.

"पेट्रोल," बापूराव नाराजीने म्हणाले.

"पानी?"

"पेते."

"थरथर केव्हा? धावतानी का उभ्यानं?"

"उभ्यानं. अबे, पन तू बैलाचा वैद्य, तुले काय समजते यातलं?"

"मले काहीच नाही समजत, पाटील. म्हनून इचारून राह्यलो."

हिरालालला हे ऐकून बरं वाटलं. मोटार सुरू केली. आवळलेला स्क्रू हिरालालने पुन्हा सैल केला होता, त्यामुळे ती मन लावून कापत होती. लखीरामने उघड्या झाकणात डोकं घातलं आणि कान लावला. त्याला इंजिनाच्या धडधडीशी काही देणंघेणं नव्हतं. तो श्वास ऐकत होता. बराच वेळ ऐकून त्याने डोकं बाहेर काढलं.

"हे दोन नाकांनी श्वास घेऊन राह्यली. एक हे," त्याने कार्बोरेटरच्या तोंडाकडे बोट केलं. "हे देवानं देलं. दुसरं कुठंतरी नंतर पडलं. तिथं सू-सू करून राह्यलं. धावतानी मोठा श्वास चालते, त्यात हे बारकं खपून जाते. उभी राह्यली का दम उखडते."

हिरालाल मोठ्याने हसला, पण त्याचं हसणं अर्ध्यात थांबलं. कारण विचार करू गेल्यावर त्यात चूक सापडेना.

"आता दुसरं नाक हुडकाचं कसं?" त्याने विचारलं.

"बैलाच्या नाकापुढं धूर धरतो आमी. श्वास जिकून जाते तिकून धूर जाते. बाई, उदबत्ती आना."

"पेट्रोलपाशी उदबत्ती?" असं म्हणत हिरालाल गोठ्यामागे गेला आणि तिथून त्याने सर्वांना मागे सरकण्याचा सल्ला दिला. बापूराव मागे सरकले. जिजाबाईंनी उदबत्ती आणली, हातात आलीच आहे तर आधी मोटारीला ओवाळली आणि मग लखीरामला दिली.

लखीरामने कार्बोरेटरपासून हातभर अंतर राखून उदबत्ती इंजिनाच्या अंगावरून सावकाश फिरवली. धूर सरळ वर जात होता. मग एका जागी तो वाकला, खाली वळला आणि बारीक दोऱ्यासारखा इंजिनात शिरून दिसेनासा झाला. जिजाबाईंनी हात जोडले.

"घेतला परसाद," त्या हळूच म्हणाल्या.

उदबत्ती दूर नेऊन विझवल्यावर हिरालाल पुढे आला. कार्बोरेटरमधून चारही चुलींकडे जाणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची नळी होती, तिच्यावर केसाएवढी चीर होती. त्याने अंगठा तेलात बुडवून चिरेवर दाबला. मोटार थरथरायची थांबली. दारं गप्प झाली. इंजिन असं मुकाट फिरू लागलं की बंद पडलं की काय म्हणून बापूराव धावत आले. हिरालालने अंगठा उचलला, थरथर आली. दाबला, गेली. त्याने हे सात-आठ वेळा केलं, कारण त्याला फार मजा वाटत होती.

"पन बिडाले अशी चीर आपोआप नाही पडत," तो म्हणाला. "कोनीतरी वरून हानलं हाये." चिरेच्या कडेशी तेलात काही चिकटलं होतं, ते त्याने नखाने ओढून काढलं. "हे काय?"

जिजाबाईंनी ते उजेडात धरलं. "काथ्या. नारळाचा."

सगळ्यांनी बापूरावांकडे पाहिलं. बापूराव कोबीकडे पाहत होते.

बापूरावांच्या घरी दसऱ्याचा एक रिवाज होता. इतर लोक अवजाराला हळदकुंकू लावून नारळ जमिनीवर फोडत. बापूरावांचे वडील म्हणत, देव कामाच्या जागी असतो. म्हणून या घरात नारळ फुटायचा तो नांगराच्या फाळावर आणि विहिरीपाशी मोटेचे बैल चालतात त्या धावेवरच्या दगडावर. यंदा घरात मोटार होती. चाकापुढे नारळ फोडायचं अकोल्यातल्या लोकांना शोभतं, असं म्हणून बापूरावांनी झाकण उघडलं आणि मोटारीची कामाची जागा शोधली. त्यांना सगळ्यात दणकट दिसली ती हीच नळी. नारळ चिवट निघाला. तिसऱ्या दणक्याला फुटला.

"पोटच्या पोरीच्या डोक्यावर कोनी नारळ फोडते काय?" जिजाबाई म्हणाल्या.

"खोबरं तूच त खाल्लं जास्त," बापूराव पुटपुटले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अकोल्याला दुसरं कार्ड टाकलं. त्यात काय लिहिलं होतं ते त्यांनी कोणाला वाचून दाखवलं नाही.

हिरालालने चिरेत सफेदा भरला, वरून सूत गुंडाळलं, त्यावर पत्र्याची पट्टी आणि तार आवळली. दुसऱ्या दिवशी सफेदा वाळल्यावर मोटार सुरू केली. जिजाबाई मागच्या गादीवर बसल्या आणि दोन्ही हात पुढे धरून बांगड्यांकडे पाहत राहिल्या. एकही बांगडी वाजली नाही. लखीरामने मोबदल्यात काही घेतलं नाही. मोटारीत बसवून तांड्याला एक फेरी मारा म्हणाला. तो पुढे बसला, आणि हिरालाल मागे बसून वाटभर त्याला बैलांच्या दम्याविषयी विचारत होता.

लग्नाच्या दिवशी बापूराव पहाटेच निघाले. मालेगाव गेलं, मंगरूळ गेलं आणि दुपार कलायच्या आत इंझोरीची वेस दिसली. अजून पंगत बसली नव्हती. नवरीला हळदसुद्धा पुरती लागली नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदा बापूराव वेळेआधी आले होते.

मांडव दोनशे पावलांवर असताना वाटेत वऱ्हाडाच्या गाड्या सोडलेल्या होत्या, म्हणून त्यांनी मोटार थांबवली. मुद्दाम सुरूच ठेवली. उतरले, दाराला टेकून उभे राहिले आणि वाट पाहू लागले. मोटार अशी निश्चल उभी होती की झाकणावर पाखरू येऊन बसलं असतं. इकडे मांडवात सनई आणि डफडं जोरात सुरू होतं.

नवा फेटा बांधलेले रामराव लगबगीने आले आणि बापूरावांना पाहून जागीच थबकले. तोंड उघडलं, पण पत्रावळ्यांचं वाक्य आज कामाचं नव्हतं. त्यांनी मोटारीला एक फेरी मारली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"बंद पडली वाटते, दाजी."

"चालू हाये," बापूराव म्हणाले.

"हो हो. चालूच हाये. आमी कुठं म्हनतो बंद हाये?"

"अहो, खरंच चालू हाये. हात लावून पाहा."

रामरावांनी झाकणावर हात ठेवला आणि झटकन काढला. "तापली ना बापा. तापनार नाही त काय, मेडशीहून आली. लाजू नका, दाजी, आपल्याच गावात बंद पडली." आणि मांडवाकडे तोंड करून त्यांनी हाळी दिली, "या रे चार-सहा जन. जवाईबापूची गाडी ढकला."

चार-सहाच्या जागी दहा आले. बापूराव घाईने चाकामागे बसले. आता एकच उपाय होता. पेट्रोलच्या पट्टीवर पाय दाबायचा, इंजिन गरजू द्यायचं आणि साऱ्या इंझोरीची तोंडं बंद करायची. त्यांनी पाय ठेवला, तोच मागून खांद्यावर जिजाबाईंचा हात पडला.

"पाय उचला."

"अगं, गाडी चालू हाये. जरासा दाबला का समजन त्याईले."

"मले ठाव हाये चालू हाये. उचला पाय."

बापूरावांनी वळून पाहिलं. जिजाबाई मागच्या काचेतून बघत होत्या. काचेपलीकडे रामरावांनी स्वतः गाडीला खांदा लावला होता, नवा फेटा कानावर उतरला होता आणि ते ओरडून इतरांना जोर लावायला सांगत होते.

"बाकीच्या पोरींले न्याले भाऊ मुराळी होऊन येत," जिजाबाई म्हणाल्या. "माहा दादा वीस वर्सांत एकदा बी आला नाही. म्हने, दाजी घेऊन येतेच ना. मी दर डाव वाट पाह्यली. आज दोनशे पावलं का होईना, थो मले न्याले आला. नेऊ द्या त्याले."

त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. बापूरावांनी पाय उचलला.

मोटार डुलत डुलत मांडवाकडे निघाली. आत इंजिन मुकाट फिरत होतं, बाहेर दहा माणसं हो-हो करत होती आणि पुढे डफडं वाजत होतं. बायका दारात येऊन बघत होत्या. आत्याबाईंना भावाने खांदा लावून आणलं, एवढंच त्यांना दिसलं, आणि त्याची चर्चा पुढे बरेच दिवस चालणार होती. जिजाबाई ताठ बसून दोन्ही बाजूंच्या ओळखीच्या बायकांना मान हलवून रामराम करत होत्या.

मांडवापुढे रामराव खांबाला धरून उभे राहिले. घामाने अंगरखा पाठीला चिकटला होता. बापूरावांनी डफड्याच्या आवाजात हळूच चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"तुमी होते म्हनून पोचलो, रामराव," ते नम्रपणे म्हणाले.

"लय जड हाये हो तुमची गाडी," रामराव धापा टाकत म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

जिजाबाई उतरल्या. भाऊ लांब गेल्याची खात्री करून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच, एवढी जड काहून गेली? सपाट वाट, दहा बाप्ये. इतका दम लागाले नाही पाह्यजे."

"तू म्हनाली, पाय उचला," बापूराव म्हणाले. "उचलला. मंग थो कुठंतरी ठेवा त लागनच."

"कुठं ठेवला?"

"बिरेकावर. जरासाच."

जिजाबाईंनी पदर तोंडावर धरला आणि हसू आवरेना तशा त्या लगबगीने मांडवात शिरल्या.